सुईचं टोक

कोपरी भागातले ते घड्याळवाले प्रत्येकाला ‘शेठ’ म्हणतात आणि गिऱ्हाइकाकडे पाठ करूनच घड्याळ उघडतात. श्वासाची वाफ आत जाते, असं त्यांचं म्हणणं. मला ते कधीच पटलं नाही.

माझं घड्याळ साधं नव्हतं. घरातला पहिला पदवीधर झालो तेव्हा शाळेतल्या सरांनी स्वतःच्या मनगटावरचं काढून दिलेलं. त्याला सेल नाही. स्प्रिंग एक चाक फिरवते, त्यातून वीज तयार होते आणि त्याच विजेवर चालणारं सर्किट चाकाला ब्रेक लावून वेळ सांभाळतं. ते पुढे धावायला लागलं. दुकानात आतलं सर्किट बदलतील या भीतीने मी घरीच झाकण उघडून आत सुईने खूण केली.

“कोणी उघडलेलं का, शेठ?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी पाठ केली.

आठ दिवसांनी घड्याळ बरोबर चालत होतं.

“वायर सुटलेली, म्हणून ब्रेक लागत नव्हता. ती जोडली, तर पार बंदच पडलं.” त्यांनी चिकटपट्टीवरचं बारीक टोक दाखवलं. “चाकाच्या चुंबकाला हे चिकटलेलं. कंपनीचं नाय वाटत.”



मग पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून त्यांनी झाकण उघडलं.

“तुमची खूण आहे तिथेच आहे, शेठ. बघून घ्या. फक्त श्वास रोखा.”

श्वास मी केव्हाच रोखला होता. बघवलं मात्र नाही.