कोंढ्याचा वीतभर दगड

ही गोष्ट मी कधी छापली नाही, कुणाला सांगितलीही नाही — बायकोलासुद्धा नाही. जिल्ह्याच्या बातम्या लिहिण्यात उमर गेली. कुठे, केव्हा, कोण — हा क्रम अंगात मुरला आहे, म्हणून इथेही तसाच जातो. ठिकाण: कोंढ्याजवळचं माळरान, तालुका पवनी. वेळ: आणीबाणी उठल्यानंतरचा हिवाळा. आणि कोण? — त्याकडे येतो. थोडं थांबा.

सरकारच्या भूविज्ञान खात्याचा कॅम्प तिथे पडला होता. क्रोमाइट या खनिजाचा शोध चालू होता. चांगल्या पोलादाला ते लागतं. कॅम्पचे साहेब शांत गृहस्थ. जमिनीत काय आणि किती आहे ते आधी नीट कळावं, मग खोदावं, आणि पुढच्यांसाठी किती राखायचं तेही आजच ठरवावं, असं ते मला समजावत. यंत्र जमिनीत भोक पाडायचं आणि आतून दगडाची गोल कांडी वर यायची. कांड्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने लांब लाकडी डब्यांच्या खाचांत ठेवत; मधे खोली लिहिलेले लाकडाचे ठोकळे. क्रम बिघडला की त्या भोकाची माहिती बिघडली.

डब्यांची राखण शिवराम मेश्रामकडे होती. गावचाच, सातवी शिकलेला. दोन हंगाम रोजंदारीवर होता. त्या वर्षी साहेब त्याचं नाव कायम नोकरीसाठी वर पाठवणार होते. मजूर त्याला ‘गोट्यायचा पाटील’, म्हणजे दगडांचा पाटील, म्हणून चिडवत. तोही हसे, पण डब्याला कुणाला बोट लावू देत नसे. मला मात्र डब्यांशेजारी बसायला खाट टाकून द्यायचा. पेपरवाले भाऊ — म्हणजे घरचाच माणूस, नाही का?

त्या दुपारी मी त्याला चहा आणायला गावात पाठवलं. तो जागा सोडायला तयार नव्हता. मी म्हणालो, मी आहे ना इथे.

तो वळला, आणि मी डब्यातून वीतभर कांडी उचलली — काळी, जड, चमकणारी. नागपूरच्या कचेरीत दाखवायची होती. भंडाऱ्याच्या मातीत असं काही निघतं यावर तिथे कुणी विश्वास ठेवत नव्हतं. आठ दिवसांत परत ठेवू, असं मनात होतं. पण एवढंच केलं असतं तर — नाही, पुढचंही सांगतो. फट दिसू नये म्हणून मी बाजूचे तुकडे सरकवले. ठोकळाही सरकवला. याला चूक म्हणतात का?

आठ दिवसांनी परत गेलो तेव्हा दगड पिशवीत होता, आणि डब्यांभोवती माणसं उभी होती. दोन तुकड्यांची तोंडं जुळत नाहीत हे साहेबांच्या नजरेला आलं होतं. डबा सांडला आणि शिवरामने मनाने भरला, असा सगळ्यांचा समज झाला होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला.

“सायेब, या भाऊले इचारा. थे रोज बसत होते इथं. मी डब्ब्याले हात लावलो काय?”

साहेब माझ्याकडे वळले. पिशवीचा बंद माझ्या खांद्यात रुतत होता. मी म्हणालो, “त्याने हात लावलेला मी पाहिला नाही. पण एका दुपारी तो जागा सोडून गावात गेला होता.”

शब्दन् शब्द खरा. संपादकालाही त्यात खोट सापडली नसती.

साहेबांनी शिवरामला विचारलं, गेला होतास? तो माझ्याकडे बघत राहिला. कुणी पाठवलं ते सांगेल, असं मला वाटलं — भीतीही तीच होती. तो फक्त “हो, गेलो होतो” म्हणाला. त्याचं नाव वर गेलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून राखणीला दुसरा माणूस आला. त्या भोकाचं काम साहेबांनी नव्याने सुरू केलं. मी ‘कोंढा परिसरात क्रोमाइटचा शोध’ अशी बातमी दिली. दगड घरी पेटीच्या तळाशी गेला.

पाच-सहा वर्षांनी साकोलीच्या स्टँडवर शिवराम भेटला. लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला होता. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. मी बोटांकडे पाहिलं तर म्हणाला, लाकूड गोट्यासारखं गप पडून नाही राहत, भाऊ. मुलीच्या शाळेबद्दल बोलला. मग म्हणाला, “भाऊ, मनात नका ठेवू. तुम्ही खरं तेच बोलले. मीच जागा सोडलो.”

तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, कुणी लिहून घेत नव्हतं. मी काय म्हणालो?

मी म्हणालो, “हो, सोडायला नको होती.”

त्याने मान डोलावली. बस लागली तशी माझी पिशवी उचलून आत ठेवून दिली.