पहिल्या परिच्छेदातली म्हातारी

पुलगावच्या एका कॉम्प्युटर सेंटरात विद्यापीठाचं पोर्टल उघडून मी बसले होते. सिनेमाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा तर सिनेमावरचा इंग्रजी निबंध जोडायचा होता आणि पोर्टल त्या संध्याकाळी बंद होणार होतं. माझ्याकडे एकाच निबंधाच्या दोन फायली होत्या, फरक फक्त पहिल्या परिच्छेदाचा. कोणती पाठवायची, यावरून स्वप्निलशी माझं वाजलं होतं. स्वप्निल आमच्या संघटनेतला. पत्रकं आम्ही दोघं मिळून लिहितो. तेवढ्यात थूल काकांचा, आमच्या मॅडमच्या यजमानांचा, फोन आला. "प्रज्ञा, मॅडम गेल्या बाई," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "तू आपलं काम करून येजो."

मागोमाग ग्रुपवर मेसेज सुरू झाले. कधीही न भरून निघणारी पोकळी, ज्ञानाचा अखंड झरा. माझं डोकं फिरलं. हे कोणाच्याही मयतीत चालतं. जे वाक्य कोणाबद्दलही लिहिता येतं ते कोणाबद्दलच नसतं, हे ज्या बाईंनी आम्हाला शिकवलं त्यांच्याच नावावर लोक हा कचरा टाकत होते, आणि टाकणारे निम्मे त्यांचे विद्यार्थी होते.

थूल मॅडम ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झाल्या आणि नाचणगावला घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी वर्ग घेऊ लागल्या. मोठ्या विद्यापीठांत अर्ज करणारी आमच्यासारखी पोरं यायची. निबंध सिनेमावरच, कारण पुस्तकं सगळ्यांच्या घरी नसतात, सिनेमा मात्र प्रत्येकानं पाहिलेला असतो. आमच्या पोरांना इंग्रजी जमत नाही असं शहरातले लोक सांगतात. खोटं आहे. आमच्याकडून शाळेत 'सिनेमा हा समाजाचा आरसा आहे' हे एकच वाक्य घोकून घेतलं गेलं आणि मग त्याच वाक्यावरून आम्हाला नापास केलं गेलं. मॅडमच्या खोलीत ते वाक्य उच्चारायलाही बंदी होती. तिथली रीत अशी, की निबंधाचा फक्त पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. त्यात एक दावा हवा. एक जण 'समोरचा' होऊन बसायचा. पटलं तरी त्यानं विरोधच करायचा. आणि विरोध करण्यासारखं काही सापडलंच नाही, तर परिच्छेद रद्द.

माझा पहिला परिच्छेद अर्थात पत्रक होता. सिनेमा हिंदी, गाजलेला. नाव लिहून फुकट जाहिरात करत नाही. गावातल्या मजूर बाया पाण्याची टाकी बांधतात आणि त्याच टाकीला त्यांच्यासाठी कुलूप लागतं. मग एक तरुण अधिकारी येतो आणि न्याय मिळवून देतो. मी लिहिलं होतं, हा सिनेमा आमचा अपमान आहे आणि सर्वांनी त्याचा निषेध केला पाहिजे. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळेच निषेध करतीन, त तू लिहून काऊन राह्यली?" पोरं हसली. "तुले राग आला, हे समजलं. कुठं आला, ते पडद्यावर दाखव मले."

ती जागा शोधायला त्यांनी मला सिनेमा आवाज बंद करून बघायला लावला. मी चरफडत बसले आणि मग दिसलं. मजूर म्हातारी सभेत बोलायला तोंड उघडते आणि कॅमेरा तिला सोडून अधिकाऱ्याच्या ऐकणाऱ्या चेहऱ्यावर जातो. दरवेळी. शब्द तिचे, डोळे भरून येतात त्याचे. माझा दावा मिळाला होता. मॅडम म्हणाल्या, "आता कसं!" त्यांची शाबासकी तेवढीच असायची.

शेवटची भेट मात्र वाईट झाली. डायलिसिसनं त्या पार थकल्या होत्या, त्याच खोलीत खाटेवर पडून असायच्या. मी परिच्छेद वाचला. त्या उठून बसल्या. "बरं. मी समोरची. कॅमेरा अधिकाऱ्यावर आहे, कारण बदलायचं त्याले आहे. म्हातारीनं काय बदलावं? दिग्दर्शकाचं बरोबर आहे."

"काहीही काय, मॅडम."

"अन् कुलूप तुटल्यावर? म्हातारी टाकीपाशी एकटी बसते, कॅमेरा तिच्यावरून हालत नाई. तो सीन कुठं गेला तुह्या निबंधातून?"

तो सीन मी मुद्दाम गाळला होता. "तो घेतला तर माझा दावा पडते."

"पडत असन त पडू दे. नाई त त्याले घेऊन उभा कर. अन् मागं लपवू नको, पहिल्याच परिच्छेदात टाक. वाचणाऱ्यानं सिनेमा पाह्यला असन. त्याले तो सीन आठवला का तुही फाईल बंद."

"तुमचं काय जाते? संघटनेत मले काय म्हणतीन?"

"ते मले नाई माहीत. मी निबंध पाहून राह्यली." मी चपला पायांत अडकवल्या न अडकवल्या तशी निघाले. त्याचं मला वाईट वाटत नाही. त्या खोलीतून सगळेच चिडून निघायचे आणि पुढच्या रविवारी परत यायचे. मला पुढचा रविवार मिळाला नाही, एवढंच.

म्हणून सेंटरात दोन फायली होत्या. स्वप्निलचं म्हणणं, एका सीनसाठी तू सिनेमावाल्यांना सूट देऊन राह्यली. काकांच्या फोननंतर तो शेजारच्या खुर्चीवरून उठून बाहेर गाडीपाशी जाऊन थांबला. स्क्रीनवरचं चक्र फिरत होतं, साइट अडकत होती. मी दोन्ही परिच्छेद पुन्हा वाचले, समोरची होऊन. पहिल्याला, सीन गाळलेल्याला, मी दोन वाक्यांत पाडलं. दुसऱ्यात दावा असा होता: सिनेमा शेवटी एकदा म्हातारीच्या चेहऱ्यावर थांबतो, पण तोवर तिचं प्रत्येक दुःख अधिकाऱ्याच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून वापरून झालेलं असतं. याला पाडायला मला काही सुचेना. तोच पाठवला, आणि स्वप्निलच्या गाडीवर बसून नाचणगावला गेले.

निकाल अजून लागलेला नाही. परवाच्या रविवारी काकांकडे गेले. इतकी वर्षं वर्ग चालू असला की ते आत चहा करायचे, मध्ये कधी बोलले नाहीत. या वेळी चहा देऊन समोर बसले. "काय पाठवलं, ते वाच." मी परिच्छेद मराठीत करून वाचला.

"चुकीचं आहे," काका म्हणाले. "मी पाह्यला तो सिनेमा, तिच्यासंग. अधिकारी आला नसता त कुलूप तुटलं असतं का? सांग."

मी कप खाली ठेवला, मोबाइलवर कुलूप तुटायचा सीन लावला. "कुलपावर दगड घालणारे हात कोणाचे आहेत, ते पाहा काका."

त्यांनी चष्मा घातला, खुर्ची जवळ ओढली. "पाहतो," म्हणाले, "पण मी मानणार नाई."