गावच्या जावयाचं गुत्तं

बद्रीनाथ मिस्त्री आमच्या मुकुंदवाडीतला, माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारा. हातात थापी असली की माणूस शहाणा. थापी खाली ठेवली की पार गोंधळलेला. सिडकोत नवी घरं उठत होती त्या वर्षी त्यानं तिथल्या मनकर्णाबाई नावाच्या म्हातारीच्या घरामागं एक स्वयंपाकघर वाढवून द्यायचं गुत्तं घेतलं. ठरावीक पैशात चार भिंती, वर पत्रे, एवढंच ठरलं होतं. ठरलं तेव्हा मी तिथंच होतो, म्हणून सांगतो.

घोटाळा पहिल्याच दिवशी झाला. चहा पिताना बोलण्यातून कळलं की मनकर्णाबाईंचं माहेर अजिंठ्याचं, आणि बद्रीनाथची बायको द्वारकाही तिथलीच. झालं. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या घडीपासून मिस्त्रीचे जावईबापू झाले. गावच्या लेकीचा नवरा म्हणजे अख्ख्या गावाचा जावई.

आता जावयाला काम कसं सांगायचं? म्हणून मनकर्णाबाई काम सांगतच नसत. भिंतीकडं बघत नुसतं म्हणायच्या, इथं एक खिडकी असती तर बरं झालं असतं. बद्रीनाथ खिडकी काढायचा. मग मांडणी, मग मागचं दार, दाराला पायऱ्या. जादा कामाचं बोलायला जावं तर पुढ्यात पुरणपोळी. सासुरवाडीच्या माणसाशी घासाघीस कशी करायची, हे त्याला काही केल्या उमजेना. मला त्याची चीड यायची आणि कीवही. हे काम संपलं असं कधी म्हणायचं, असं त्यानं एकदा मला विचारलं.

इकडं त्याच्या स्वतःच्या घरी न्हाणी नव्हती, नुसता पोत्यांचा आडोसा. लेक आशा पहिल्या बाळंतपणाला यायची होती. पोरीच्या अंगावर पाणी कुठं घालायचं, असं द्वारका रोज विचारायची. गुत्तं उरकलं की बांधतो, असं तो रोज सांगायचा. शेवटी आशा येऊन उतरली, तरी न्हाणीचा पायाही खणलेला नव्हता. द्वारकानं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई म्हणाल्या, "जावईबापू, अंगणात एक ओटा असता तर लई बरं झालं असतं."

बद्रीनाथनं थापी खाली ठेवली. नाही म्हणायचं होतं, पण जावयानं नाही कसं म्हणायचं ते सुचेना. आणि तोंडून भलतंच निघालं.

"आमच्या घरी एक न्हाणी असती तर बरं झालं असतं, मावशी. आशा बाळंतपणाला आलीय."

म्हातारी पायरीवर बसली. "आन् मी तुम्हाला इथं अडकवून ठिवलं व्हय?"

जावयानं मागितलं म्हटल्यावर तिलाही नाही म्हणता येईना. उरलेल्या विटा हातगाड्यावर घालून ती स्वतः मुकुंदवाडीला आली आणि आमच्या गल्लीत खाटेवर बसली. बद्रीनाथ न्हाणी बांधू लागला. त्यातलं काम कुणाचं आणि मालक कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

भिंत छातीपर्यंत आली तेव्हा खाटेवरून आवाज आला, "इथं एक कोनाडा असता तर बरं झालं असतं."

बद्रीनाथनं माझ्याकडं पाहिलं. मी मान फिरवली. त्यानं कोनाडा काढला.

आशा बाळंत झाली. द्वारकानं तिला न्हाऊ घातलं, तेलाची वाटी कोनाड्यात ठेवली आणि कितीतरी दिवसांनी नवऱ्याशी बोलली. "कोनाड्याचं बरं सुचलं तुम्हाला."

बद्रीनाथनं मान डोलावली.