वाणात आलेली ताई

आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून दरवर्षी प्लॅस्टिकचं काहीतरी मिळतं. गाळणी, साबणाची डबी, फार तर चिमटे. त्या गाळणीतून कुणी कधी चहा गाळत नाही, पण वाण म्हटलं की हात पुढे होतोच. यंदा एका कंपनीने महिला मंडळाला कळवलं, की वाण आमच्याकडून. चेहऱ्याला लावायच्या क्रीमची चांगली मोठी ट्यूब. फुकट ते पौष्टिक, बायका खूश झाल्या. अट एकच होती. कंपनीची एक मुलगी येणार आणि आमच्या शाळेत जाणाऱ्या मुलींशी थोडं बोलणार.

ती आली ती काळी साडी, नथ, गजरा अशी, आमच्यापेक्षा जास्त संक्रांत अंगावर घेऊन. दुसऱ्या कुठल्या दिवशी विकायला आली असती तर आमच्या वॉचमनने तिला गेटवरच अडवली असती. पण हळदीकुंकवाला दारात आलेल्या बाईला, तुझं इथे काय काम, असं विचारायची आपल्यात रीत नाही. आम्ही तिला कुंकू लावलं, अत्तर लावलं, पंख्याखालची खुर्ची दिली. कंपनीला हे बरोबर माहीत होतं. तिथल्या ऑफिसात बसून कुणीतरी पगार घेऊन हा विचार केला असणार, की आमच्या नवघरसारख्या वस्तीतल्या पोरींपर्यंत पोचायचं तर आयांच्या कुंकवातून पोचावं.

खुर्चीवर ती बसलीच नाही. मुलींना घेऊन हॉलच्या कोपऱ्यात गेली आणि म्हणाली, मॅडम नको, मला ताई म्हणा. मग तिने विचारलं, तुमच्या चेहऱ्यावरचं तुम्ही काय लपवता? मुली एकमेकींना ढोसत हसायला लागल्या. माझी मुलगी हसली नाही. ती दहावीला आहे, दोन्ही गाल पुटकुळ्यांनी भरलेले, आणि वर्षभरात घरात तिने आमच्याशी धड चार वाक्यं बोललेली नाहीत. ती बोलायला लागली. ताई लगेच खाली फरशीवर तिच्यासमोर बसली, साडी चुरगळेल याची पर्वा न करता. माझी गुजराती शेजारीण माझ्या कानात म्हणाली, देखो, कितनी अच्छी है, हमसे तो बच्चे बात ही नहीं करते. निघताना ताईने मुलींचे मोबाईल नंबर मागितले, आणि आम्ही सगळ्यांनी ते शंकरपाळ्यांचं प्रमाण सांगावं तसे सांगून टाकले.

मग मुलींचा ग्रुप सुरू झाला. सकाळी ताईचा मेसेज, दुपारी जेवलीस का, संध्याकाळी गणिताचं काय झालं. मी कामावरून येऊन हेच विचारलं की उत्तर मिळायचं, ‘काही नाही.’ ताईला मात्र पोरगी पानंच्या पानं लिहायची आणि फोनकडे बघून हसायची. मला राग यायचा. जळायचेही मी, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

एक दिवस ताईने बिनफिल्टरचा फोटो मागितला. स्वतःला आहेस तशी स्वीकार, वगैरे. मुलीने बाल्कनीतल्या उन्हात उभं राहून काढला आणि पाठवला. सोबत एक गोष्टही लिहिली, जी तिने जगात कुणालाच सांगितली नव्हती. वर्गात बाईंनी मोठ्याने वाचायला उभं केलं की ती घसा दुखतोय म्हणून सांगते, कारण उभं राहिलं की सगळ्यांना गाल दिसतात.

त्याच आठवड्यात तो फोटो जाहिरात होऊन मुलांच्या फोनवर फिरला. अर्धा चेहरा पुटकुळ्यांचा, अर्धा गुळगुळीत. डोळ्यांवर पट्टी मारली होती, पण रोज शेजारी बसणाऱ्यांना ओळखायला डोळे लागत नाहीत. खाली तिचंच घशाचं वाक्य. वर्गातल्या पोरांनी ते पाठ केलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत जाईना, आणि पुढच्या आठवड्यात पूर्वपरीक्षा. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवायला उठवलं तर ओढणी गालावर घेऊन यायची, आपल्याच घरात, आपल्याच आईबापासमोर. नवऱ्याने ट्यूबवरच्या नंबरवर फोन लावला, तर हिंदीसाठी एक दाबा.

मला दोनच गोष्टी हव्या होत्या. फोटो निघायला हवा आणि पोरगी परीक्षेला बसायला हवी. त्यासाठी कुणाच्या पाया पडायची माझी तयारी नव्हती, झिंज्या उपटायची होती.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, तेव्हा ताईही चालू असणार. स्टेशनजवळ राहणाऱ्या नणंदेने सांगितलं, आज आमच्याकडे क्रीमच मिळणारेय. मी ऑफिसातून तशीच, न बोलावता गेले. मलाही कुणी अडवलं नाही. यजमानीणबाईंनी कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हणाल्या. मी तो मुठीत धरला, तोंडात घातला नाही.

कोपऱ्यात तीच काळी साडी, समोर दहा-बारा मुली. तोच प्रश्न, आणि एक मुलगी बोलायला लागली तशी ती तशीच खाली फरशीवर बसली. ते बघून माझं डोकं सणकलं. ते बसणंसुद्धा शिकवलेलं होतं.

मी कोण ते सांगितलं. तिचा चेहरा उजळला.

“काकू, तिच्या पोस्टला सगळ्यात जास्त रिस्पॉन्स आलाय. मुली कनेक्ट होतायत तिच्याशी.”

मी म्हटलं, फोटो काढून टाक. ती म्हणाली, ते ऑफिसच्या हातात असतं, आणि तुमच्या मुलीने स्वतःच हो म्हटलंय. पंधरा वर्षांच्या पोरीचं हो. मी आवाज चढवला.

“ठीक आहे. मग या मुलींनाही सांगते, आज त्या तुला जे सांगतायत ते उद्या कुठे छापून येणारेय.”

मुलींनी माना वर केल्या. जी बोलत होती ती उठून उभी राहिली. ताई मला पॅसेजमध्ये घेऊन गेली आणि तिथून फोन लावला. ऑफिसच्या हातात असलेला फोटो माझ्या डोळ्यांदेखत गेला. मी तिला आणखी बरंच काही बोलले, ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

घरी येऊन मुलीला सांगितलं, फोटो काढून टाकायला लावला, सगळं मिटलं. तिने फोन उचलून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला, आणि मग रडायला लागली. जाहिरात आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. ताईने तिला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. मेसेजही जात नव्हता.

मी जवळ बसले, ती सरकली नाही. ओढणीला नाक पुसत म्हणाली, “परीक्षेला जाते मी. पण तू तिला एक फोन कर ना, आई. सांग ना, भांडायला तू गेली होतीस. मी नाही चिडलेय तिच्यावर.”