डाव्या दाराचा खांब

आमचं घराणं सुतारांचं, बेंबळीचं. वडिलांनी बैलगाड्या केल्या, मी चौकटी आणि दारं करतो, आणि हल्ली लोकांना प्लायवुडची कपाटं लागतात म्हणून नाक मुरडत तीही करतो. मोटारीशी माझा संबंध एवढाच, की एसटीत मला ओकारी होते. त्यामुळं धाराशिवच्या वकीलसाहेबांनी गाडी दुरुस्त करायला बोलावलं तेव्हा मला वाटलं, निरोप आणणाऱ्यानं दारू घेतलीय.

पण गाडी खरोखरच माझ्या कामाची निघाली. विलायतेहून आलेली, दोन माणसांची, बिनछताची, हिरवी. साहेबांच्या वडिलांनी हैदराबादेत एका इंग्रजाकडून घेतलेली. कित्येक वर्षं ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. गॅरेजवाल्यानं इंजिन चालू केलं, ब्रेक नवे घातले, आणि दाराचं आतलं चामडं उचलून बघतो तर आत लाकूड! बाहेरून नुसता पत्रा, आतला सगळा सांगाडा लाकडी. त्यानं हात झटकले. "हे सुताराचं काम हाय," म्हणाला.

मी वाकून बघितलं आणि पहिल्यांदा काय दिसलं असेल तर पेन्सिलीनं लिहिलेला आकडा. माप विसरू नये म्हणून मी लाकडावर लिहितो ना, अगदी तसाच घाईघाईत लिहिलेला. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्या तरी सुतारानं कानावरची पेन्सिल काढून तो लिहिला असणार. मला त्या माणसाबद्दल माया वाटली, हे कबूल करायला हवं.

वकीलसाहेबांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. "मिस्त्री, यातलं काही बदलायचं नाही. जे मूळचं आहे ते मूळचंच राहिलं पाहिजे." पुण्यात जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो, तिथं त्यांना गाडी न्यायची होती. तिथले परीक्षक म्हणे नवा रंग, नवं लाकूड लगेच ओळखतात आणि तोंड फिरवतात. गॅरेजवाल्याचं मत उलटं होतं. गाडी पार उघडून सगळं नवं करावं, नव्या नवरीसारखी सजवावी. दोघांचे वाद मी ऐकायचो. साहेब शेवटी एकच म्हणायचे, "नवीच करायची असती तर शोरूममधून नवी आणली असती." मला ते पटायचं. वडिलांनी केलेल्या गाडीचं चाक कुणी काढून रबरी टायर बसवला, की माझं डोकं फिरतं.

तिसऱ्या दिवशी मी डाव्या दाराचा पुढचा खांब टोच्यानं तपासला. दाराची कडी या खांबात अडकते. टोच्या मुठीपर्यंत आत गेला. मी बाहेर ओढला तर त्याच्याबरोबर माती आली, वाळवीची. वरून पापुद्रा शाबूत, आतून खांब निम्म्याहून जास्त खाल्लेला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत. दार पुढून उघडतं. आपल्या साध्या गाडीचं दार चालताना निसटलं तर वारा त्याला परत दाबतो. याला वारा सताड उघडून टाकणार. आणि दार माणसाच्या जेमतेम कमरेपर्यंत, पट्टा वगैरे काही नाही. डावीकडं बसलेला माणूस थेट रस्त्यावर. हे मला त्याच क्षणी कळलं.

मी साहेबांकडं गेलो आणि म्हणालो, "साहेब, डावा खांब थोडा पोकळ हाय."

"थोडाच ना?"

"व्हय, थोडाच."

"मग भरून घ्या. बदलू नका."

'थोडा' हा शब्द मी का वापरला, याचा मी फार विचार केला आहे. साहेबांचा आवाज मोठा, त्याची भीती होतीच. पण त्याहून जास्त भीती काम जाण्याची होती. सगळ्या बेंबळीला माहीत झालं होतं, की विलायती गाडीवर आपल्या सुताराचा हात फिरतोय. पानटपरीवर लोक मला जागा करून देत होते. खांब बदलावाच लागतो म्हटलं असतं तर साहेबांनी गाडी झाकून ठेवली असती. म्हणून मी सागाचा भुसा सरसात कालवला, पोकळीत ठासला, वर घासून रंग जुळवला. काम इतकं सफाईदार झालं की ते बघून मलाच भीती वाटली. पेन्सिलीचा आकडा तेवढा तसाच ठेवला.

फेरीचा दिवस ठरला मंगळवार. गाडी तुळजापूरला देवीला न्यायची, सोबत फक्त साहेबांच्या बाई. बाई म्हणजे त्यांची पत्नी, शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळा गाव त्यांना बाईच म्हणतो. त्या डावीकडं बसणार. त्याच्या आधीचे तीन दिवस मला जेवण गेलं नाही. घाटाचं वळण आलं, दार उघडलं, हिरवी साडी उडाली, हेच डोळ्यांसमोर. मंगळवारी सकाळी जायचंच नाही असं ठरवलं, आणि तरीही गेलो. न जाणं म्हणजे कबुलीच झाली असती.

गाडीला हार घातला होता. मी फाटकापाशीच घुटमळत होतो. साहेबांनी हाक मारली, "या मिस्त्री, बसा. तुमच्या घराण्याची रीत मला ठाऊक आहे!"

साहेबांची शेती बेंबळीला. त्यांच्या घरच्या बैलगाड्या माझ्या वडिलांनी केल्या होत्या. नवी गाडी जोडली की पहिली फेरी मारुतीपर्यंत, आणि त्या फेरीत मालकाच्या शेजारी घरचं कुणी बसत नसे, सुतार बसे. वडील म्हणायचे, "ज्याचा हात, त्याचं बूड आधी." कुणाचंही हाड मोडायचं तर आधी सुताराचं मोडावं. ही रीत मीच विसरलो होतो. आता कुणी सुताराला गाडीत बसवत नाही, आणि कपाटात तर बसताच येत नाही.

मी बसलो. दार लावलं. कडी खट् करून अडकली, आणि त्या आवाजावर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

साहेब वयाच्या मानानं जोरात चालवत होते. रस्ता बुडाखाली एक वीत अंतरावरून पळत होता. मी डावा हात दारावरून बाहेर टाकून ते बाहेरून आत ओढून धरलं, उजव्या हातानं सीटची कड. गतिरोधक आला, गाडी उडाली, आणि खांबातून 'कुर्र' असा आवाज आला. साहेबांना तो ऐकू गेला नाही. पुढं चाललेली उसाची ट्रॉली अचानक थांबली तेव्हा त्यांनी गाडी झटक्यात उजवीकडं मारली, आणि मी सगळ्या वजनानिशी दारावर आदळलो. दार बोटभर उघडलं. बोटभर, जास्त नाही. मी ते ओढून परत लावलं. मी मारुतीचं नाव घेत होतो, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं, की मी फक्त स्वतःसाठी घेतोय.

"घाबरलात का मिस्त्री?" साहेब हसत होते.

"न्हाय साहेब."

परत आलो तेव्हा बाई पायरीवर तयार उभ्या होत्या. हातात ओटीची पिशवी, डोक्याला रुमाल. मी उतरलो, त्या बसल्या. दार लागलं. खट्. साहेबांनी गिअर टाकला.

"बाई, जरा उतरा," मी म्हणालो.

"काय झालं?"

"उतरा तुमी. लगेच उतरा."

त्या उतरल्या. मी दार उघडलं, कडीची पट्टी जिथं खांबाला बसवली होती तिथं दोन बोटांनी धरली आणि ओढली. फार जोर लागला नाही. पट्टी दोन्ही स्क्रूंसकट हातात आली, आणि मागोमाग माझाच सागाचा भुसा चाळणीतून पीठ पडावं तसा पायरीवर पडला.

साहेब खाली उतरले. त्यांनी खांबात बोट घातलं. ते ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो, पण ते ओरडले नाहीत. मग म्हणाले, "काढा तो खांब. नवा बसवा." आणि घरात निघून गेले. त्यांच्या वडिलांची गाडी होती ती. त्यांच्या पाठीकडं बघून मला रडू आलं.

बाई तिथंच होत्या. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "फाटकातून आत आलात तेव्हा तुम्ही दार बाहेरून धरलं होतं. म्हणजे आधीपासून माहीत होतं."

"व्हय बाई. पयल्यापासनं."

"मग आज साहेबांना ती रीत आठवली नसती, मीच आधी बसले असते, तर मला उतरा म्हणाला असतात?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा उभा जन्म शाळेत गेलेला, कोणतं पोर खरं बोलतंय हे त्यांना कळत असणारच. त्यांनी पिशवी उचलली आणि आत गेल्या. मी भुसा हातानं गोळा करायला लागलो.