डांबरगोळीचं माहेर

मनुबाई कुठंही पोचायच्या आधी त्यांचा वास पोचतो, हे रेवसजवळच्या त्या आख्ख्या गावाला माहीत होतं, फक्त मनुबाईंना सोडून. वास डांबरगोळ्यांचा. त्या एसटीत चढल्या की आसपासची दोनतीन माणसं उठून मागं जायची, आणि मनुबाई खिडकीशी ऐसपैस बसून म्हणायच्या, "अजून म्हाताऱ्या माणसाला मान देतात हो लोक."

ह्या सगळ्याचं मूळ त्यांच्या लग्नाच्या शालूत होतं. थोरल्या मुलाच्या बारशाला शालू नेसायचा म्हणून मोठ्या हौसेनं पेटी उघडली, तर कसरीनं शालूची पार जाळी करून ठेवलेली, आणि सासूबाई सगळ्या बायकांदेखत म्हणाल्या, "हिच्या माहेरचं कापडच तसलं." झालं. त्या दिवसापासून मनुबाई आणि डांबरगोळी ही जोडी जमली ती जमलीच. पेटीत गोळ्या, कपाटात गोळ्या, गाद्यांच्या घडीत गोळ्या, मोरीत गोळ्या, देव्हाऱ्यामागं झुरळांसाठी आणि अंगणाच्या कोपऱ्याकोपऱ्यात सापांसाठी. साप तरीही यायचे, पण गोळ्या नसत्या तर जास्त आले असते असं मनुबाईंचं म्हणणं, आणि ते खोडून काढायची घरात कोणाची टाप नव्हती.

घरात तशी माणसं मोजकीच. मनुबाई, त्यांचे यजमान बाबाजी, आणि आईबाप पनवेलला नोकरीला म्हणून आजीकडं राहून नववीत शिकणारी नात आरोही. आता त्यात भर पडली होती क्रांतीची. क्रांती म्हणजे मनुबाईंची एकुलती एक लेक, उरणला दिलेली. सातव्यात डोहाळजेवण झालं आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती करंज्याहून लाँचनं रेवसला आली. मनुबाईंनी ह्या दिवसाची किती वर्षं वाट बघितली होती म्हणून सांगू. आपल्या आईच्या नऊवारीची मऊ मऊ दुपटी शिवून त्यांनी केव्हाच पेटीत ठेवली होती. वर अर्थात मूठभर गोळ्या.

आल्यापासून क्रांतीचं डोकं दुखायला लागलं. शिवाय मळमळ.

"सातव्यात असंच होतं," मनुबाई म्हणाल्या.

आरोहीला सकाळी शाळेचा गणवेश चढवला की गरगरायचं.

"पाळी नवीन हाय ना, असंच होतं."

स्वतः मनुबाईंचंही डोकं गेली कित्येक वर्षं ठणकत होतं. "पाळी जाताना आनी गेल्यावर असंच होतं." म्हणजे बाईच्या जातीला कुठल्याही वयात काहीही झालं तरी ते त्या वयामुळंच, असा सगळा सोपा हिशोब होता. बाम चोळायचा आणि कामाला लागायचं.

बाबाजी ओटीवर सुपारी कातरत हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "माझंपन डोकं दुखतं. माझी कुठली पाळी गेली?"

"तुमचं वापर न्हाय म्हनून दुखतं," मनुबाई म्हणाल्या.

पण बाबांचं हे बोलणं क्रांतीच्या डोक्यात राहिलं. पुढच्या तपासणीला तिनं डॉक्टरीणबाईंना सगळ्या घराची डोकेदुखी सांगितली. डॉक्टरीणबाईंनी एकदा क्रांतीकडं बघितलं, एकदा सोबत बसलेल्या मनुबाईंकडं, मग उठून खिडकी उघडली आणि विचारलं, "घरात डांबरगोळ्या किती आहेत?"

"थोड्या," मनुबाई म्हणाल्या.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. ती गोळी बारीक होत जाते म्हणजे तिची हवा होते आणि ती हवा आपण घेतो. डोकं, मळमळ, गरगरणं त्यानं होऊ शकतं. सगळंच त्यानं होत असेल असं नाही, पोरीचं रक्त तपासू, तुमचं बीपीही बघू, पण आधी गोळ्या काढा. आणि त्या पेटीतले कपडे बाळाला अजिबात घालू नका, काही बाळांचं त्यानं रक्त कमी होतं, कावीळ चढते.

"एवढी वर्षं वापरते, मी मेले का?" मनुबाई बाहेर येऊन म्हणाल्या.

"आई, मरायचीच वाट बघायची का?" क्रांती म्हणाली आणि तिथंच बाकावर बसून रडायला लागली, कारण सातव्यात तेही होतं.

संध्याकाळी उरणहून विहीणबाईंचा, म्हणजे केसरबाईंचा फोन. जावई गणराज कंटेनर यार्डात सुपरवायझर, त्यानं आईला सगळं सांगितलेलं.

"विहीणबाई, पोरीला इकडंच पाठवा. बाळंतपण आमी करतो."

मनुबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिलं बाळंतपण सासरी? गावात काय तोंड दाखवायचं? "तुमच्याकडं दारात ट्रेलर उभे असतात," त्या म्हणाल्या. "दिवसभर डिझेलचा धूर. पोराच्या नाकात काजळी जाईल."

"आमच्याकडं खिडकी लावली की धूर बाहेर राहतो," केसरबाई थंडपणे म्हणाल्या. "तुमच्याकडं लावली की आत."

शेवटी ठरलं की केसरबाई पंधरवड्यानं स्वतः येऊन वास घेतील आणि मग काय ते सांगतील.

मनुबाई पदर खोचून कामाला लागल्या. मोरी, देव्हारा, कपाट, अंगण, सगळीकडच्या गोळ्या काढून डबाबंद केल्या. फक्त एक पेटी राहिली. दुपट्यांची. तिला हात लावायचा म्हटलं की डोळ्यांसमोर शालूची जाळी यायची आणि कानात सासूबाई. एका पेटीनं काय होतंय, असं म्हणून त्यांनी ती गुपचूप पलंगाखाली सारली आणि वर गोणपाट टाकलं.

आता ह्या घरात आणखी एक पोटुशी होती. भुरी मांजर. दरवर्षी ओटीवरच्या टोपलीत व्यायची, मनुबाई तिला दूधभात भरवायच्या, लोक म्हणायचे मांजरीचंसुद्धा माहेरपण होतं ह्या घरात. यंदा मनुबाईंनी प्रेमानं पेटीतलंच एक जुनं दुपटं काढून टोपलीत अंथरलं. भुरी आली. वास घेतला. मनुबाईंच्या तोंडाकडं असं बघितलं की जणू जेवायला बोलावून ताटात शेण वाढलंय. फाटकन शिंकली आणि शेपटी वर करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारची किशोरी कुंपणावरून म्हणाली, "मनुकाकी, पेढे द्या. तुमची लेक आमच्याकडं बाळंत झाली."

मनुबाई धावत गेल्या. किशोरीच्या लाकडांच्या मोळ्यांमागं, धुळीत, कोळिष्टकांत, भुरी चार पिल्लं घेऊन पडली होती आणि राणीसारखी दिसत होती. मनुबाईंनी तिला हाक मारली. तिनं मान फिरवली.

दुपारपर्यंत पाणवठ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत झालं, मांजरीनं माहेर बदललं. बाबाजी तर दारात येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतः सांगत होते. मनुबाई पलंगावर येऊन बसल्या. डॉक्टरीणबाईंशी वाद घालता येतो, विहिणीशी तर घालायलाच पाहिजे. मांजरीशी काय घालणार? तिला ना विहीणबाईंनी शिकवलेलं, ना ती मोबाईल बघते.

त्यांनी वाकून पेटी बाहेर ओढली.

क्रांती दारात उभी होती. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

"तू कधी काढतेस ते बघत होते." आणि दोघी हसल्या, आणि मग क्रांती परत रडली.

डांबरगोळ्यांचा डबा चिकटपट्टी लावून घंटागाडीत गेला. गाडीवाल्यानं तो बंद असूनही लांब धरला. पेटीतलं जुनं कापड सगळं धुतलं, रोज उन्हात टाकलं, पुन्हा धुतलं. गणराजनं बाळासाठी नवं सुती कापड पाठवलं. मनुबाईंच्या आईच्या नऊवारीच्या दुपट्यांत आरोहीनं कडुलिंबाचा पाला घातला, ती पुढं क्रांतीनं उशाशी घ्यायची असं ठरलं, बाळाला नाही. आणि मग एका सकाळी एक भलतीच गोष्ट झाली. मनुबाई चहा गाळत होत्या आणि थबकल्या.

"अहो," त्या बाबाजींना म्हणाल्या, "तुमच्या बंडीला कसला वास येतो हो?"

"बिडीचा. घामाचा. थोडा सुकटीचा असेल."

"कधीपासून?"

"लग्नापासून."

मनुबाईंनी गाळणं खाली ठेवलं. इतक्या वर्षांनी नाक परत आलं होतं आणि पहिली भेट ही. डोक्याचं ठणकणंही कमी झालं होतं, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

ठरल्या दिवशी केसरबाई आल्या. चपला काढायच्या आधी उंबऱ्यात उभं राहून लांब श्वास घेतला. मग कपाट, मोरी, पलंगाखाली, देव्हाऱ्यामागं. मनुबाई मागं मागं.

"सुकटीचा वास येतोय," केसरबाई शेवटी म्हणाल्या.

"तो ह्यांचा हाय."

"सुकट चालते." केसरबाई पलंगावर टेकल्या. "इथंच होऊ द्या. आनी खरं सांगू का, आमच्या खिडकीतून धूर येतो आत. फोनवर बोलायचं म्हनून बोलले."

मनुबाईंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला, वर दोन बिस्किटं जास्त. भुरी मात्र परत राहायला आली नाही. दोन्ही वेळा जेवायला तेवढी येते, जेवते आणि किशोरीकडं जाते.

परवा क्रांतीला तपासणीला घेऊन मनुबाई एसटीत चढल्या. गाडी भरलेली. त्यांनी सवयीनं खिडकीजवळच्या माणसाकडं बघितलं. तो हलला नाही. मागचा नाही, पुढचाही नाही. क्रांतीचं पोट बघून एकानं तिला जागा दिली, मनुबाई दांडा धरून उभ्या राहिल्या. शेजारच्यानं हात वर केला आणि त्यांचं नवं नाक पार चुरमडून गेलं.

"संस्कारच राहिले न्हाईत," त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.