दोन गळ्यांचा सदरा

गल्लीच्या तोंडाशी टेलरमास्तरांचं दुकान आहे. मास्तर तसे देवमाणूस, फक्त स्वतःची चूक कबूल करायची वेळ आली की त्यांच्या तोंडाला कुलूप लागतं. हा गुण वडिलोपार्जित. त्यांच्या वडिलांनी एकदा मापात घोळ घालून तंबूएवढा सदरा शिवला होता. चुकलं म्हणण्याऐवजी त्यांनी त्याला दुसरा गळा पाडला, छोट्या मास्तरांना आत घेतलं आणि वर्षअखेरच्या सुट्टीला त्याच सदऱ्यात बहिणीकडे जेवायला गेले. लोक हसले, तेव्हा ते ठणकावून म्हणाले, "आमच्या घराण्याची पद्धतच आहे ही!"

मग काय, पद्धत पडली. आता दरवर्षी उरल्यासुरल्या कापडाचा दोन गळ्यांचा सदरा होतो. उजवी बाही मास्तरांची, डावी त्यांच्या लेकीची, आणि बापलेक एकाच सदऱ्यातून मास्तरांच्या आत्याकडे जेवायला जातात. या एका दिवसासाठी मास्तर वर्षभर तुकडे जपून ठेवतात.

यंदा मात्र त्यांना धास्ती होती. लेक दहा वर्षांची झाली होती आणि परवाच आईला म्हणाली होती, "कोपऱ्यावर माझ्या मैत्रिणी असतात. मला लाज वाटते." मास्तरांनी ते ऐकलं. मापासाठी बोलावलं तर ही नाहीच म्हणेल, या भीतीने त्यांनी माप घेतलंच नाही. गेल्या वर्षीच्या आकड्यांवर कात्री चालवली.

सुट्टीच्या सकाळी लेक निमूट सदऱ्यात शिरली. मास्तरांचं डोकं वर आलं. तिचं काही येईना.

"बाबा, गळा लहान झालाय."

"गळा बरोबर आहे. तुझं डोकं फुगलंय."

"डोकं कसं फुगेल?"

"अभ्यासाने," मास्तर म्हणाले.

आईने कात्री आणली. मास्तरांनी ती परत ठेवायला लावली आणि खाली वाकून सदऱ्याला म्हणाले, "राहा आतच. मैत्रिणींना दिसायची नाहीस. तुझंही काम झालं." हे बोलताना त्यांना वाईट वाटलं, फारच वाईट वाटलं.

निघाली वरात. मास्तर, त्यांचं भलंमोठं पोट आणि चार पाय. वाटेत पोट विजेच्या खांबाला धडकलं आणि "आई गं!" म्हणालं. समोरून येणाऱ्या रद्दीवाल्याने डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं आणि नीट बघून घेतलं.

कोपऱ्यावर तिघी मैत्रिणी उभ्याच होत्या. "काका, यंदा एकटेच?"

"हो गं. ती मोठी झाली. आता नाही येत माझ्याबरोबर."

पोट जागच्या जागी थबकलं. पण क्षणभरच.

"कोण म्हणतं नाही येत?" पोट ओरडलं. टर्रकन आवाज झाला आणि फाटक्या गळ्यातून केस विस्कटलेलं, लालबुंद डोकं बाहेर आलं. मैत्रिणी हसता हसता फुटपाथवर बसल्या. डोकं त्यांच्याकडे बघून ठणकावून म्हणालं, "आमच्या घराण्याची पद्धतच आहे ही!"

मास्तरांना भरून आलं. त्यांनी उजव्या बाहीने नाक पुसलं.

"बाबा, गळा लहानच होता ना?"

"होता," मास्तर म्हणाले. "चुकलं माझं. तू नाही म्हणशील म्हणून माप घ्यायलाच घाबरलो."

त्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"पुढच्या वर्षी घे," लेक म्हणाली आणि डाव्या बाहीने मैत्रिणींना टाटा करत तरातरा चालू लागली. मास्तरांना मागोमाग जाणं भागच होतं.